जंतुतपासणीच्या खिडकीवर अडलेला पाण्याचा प्रकल्प : माझा अनुभव

बारावीच्या जीवशास्त्रात सांडपाण्याची प्रक्रिया आहे, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) आहे, सूक्ष्मजीव आहेत. पण आपल्या घरच्या नळाला पाणी कुठून येते हे वर्गात विचारले तर उत्तर येते, ‘टाकीतून’. म्हणून पाण्याच्या प्रकल्पाच्या पहिल्या तासाला मी मुलांना नकाशावर नळाची वाट काढायला लावते. आमच्या गोव्यात तिसवाडी आणि फोंड्याला खांडेपार नदीवरचे ओपा, बार्देशला मुख्यतः अस्नोडा, सासष्टी-मुरगावला साळावली, पेडण्याला चांदेल, काणकोणला चापोली. एवढे झाले की मुले स्वतःच घरचे पाणी बाटलीत भरून आणतात.

पीएच आणि गढूळपणा शाळेच्या प्रयोगशाळेत होऊन जातात. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बरेचदा आम्लधर्मी निघते, 6.5 च्या खाली. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा पीएच 6.5 ते 8.5 हवा, त्यामुळे चर्चेला विषय आयताच मिळतो. कोणीतरी घरून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर आणतोच. त्याला तेव्हाच सांगावे, हा मीटर जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. शोषखड्ड्याशेजारच्या विहिरीचा टीडीएसही छान कमी येऊ शकतो.

अडले ते जंतुतपासणीत. नमुने घेऊन पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर जावे, तर ते परत. कारण विचारले की एकच सांगतात, पुढचे कारण पुढच्या खेपेला कळते. आधी बाटली चालत नाही, मग पत्रावर स्रोताचा प्रकार नाही, मग ‘गुरुवारी घेत नाही’, मग ‘दुपारनंतर घेत नाही’. या चारही अटी शास्त्राला धरून आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कागदावर लिहून खिडकीला चिकटवायला कितीसा वेळ लागतो? विहिरीचे पाणी तपासायला वाड्यावरून आलेला माणूस एकदा परत पाठवला की पुन्हा येत नाही, ते पाणी तसेच पीत राहतो. याचा मला अजून राग आहे. म्हणून त्या अटी कारणांसह इथे मांडते.

बाटली निर्जंतुकच हवी. पाण्याची विकत मिळणारी रिकामी बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. 125 मिलीची, घट्ट झाकणाची काचेची बाटली ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) 121 अंशांवर 15 मिनिटे ठेवावी. नळाच्या पाण्यासाठी निर्जंतुक करण्याआधीच तीत 3 टक्के सोडियम थायोसल्फेटचे 0.1 मिली द्रावण घालावे. ते नसेल तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि पाणी आहे त्याहून चांगले दिसते. क्लोरीन न घातलेल्या विहिरीच्या पाण्याला त्याची गरज नसते. पत्रावर ‘नळ की विहीर, क्लोरीन घातले की नाही’ हे लिहायला सांगतात ते याचसाठी. शिवाय नमुना घेतल्याची तारीख, वेळ, जागा, ‘शैक्षणिक कामासाठी’ हे शब्द आणि प्राचार्यांची सही-शिक्का. शुल्क किती ते आधी फोन करून विचारावे.

वाराचे कारण तर मुलांना शिकवण्यासारखे आहे. एमपीएन या, जंतूंच्या संख्येचा अंदाज काढायच्या पद्धतीत नमुना मॅकाँकी ब्रॉथच्या (जंतू वाढवायच्या पोषक द्रवाच्या) नळ्यांत घालून 37 अंशांवर 48 तास ठेवतात आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत वाढलेल्या जंतूंचा वायू जमला का ते पाहतात. जमला तर खात्रीची चाचणी, तिला आणखी एक-दोन दिवस. सोमवारचा नमुना बुधवारी वाचता येतो, खात्री शुक्रवारपर्यंत होते. गुरुवारचा नमुना शनिवारी वाचायला कोण येणार? वेळेचेही तसेच. नमुना बर्फाच्या पेटीत, न गोठवता, शक्यतो 6 तासांत पोचावा. म्हणून सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आत नमुने घ्यायचे आणि थेट प्रयोगशाळा गाठायची.

नमुना घेताना नळाची जाळी काढावी, तोंड स्पिरिटने पुसावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे. बाटली विसळू नये, थायोसल्फेट निघून जाते. काठोकाठ भरू नये, हलवायला जागा लागते. अहवालात 100 मिलीत ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) आढळता कामा नये.

खिडकीवर अवलंबून न राहता वर्गात दोन चाचण्या होतात. पहिली उरलेल्या क्लोरीनची. ग्राहकाच्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर हवा. एकाच घरात रस्त्यावरून येणाऱ्या नळाचे आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी शेजारी शेजारी तपासायला लावा. टाकीत क्लोरीन बरेचदा उरलेलाच नसतो. चाचणीचे रसायन घातल्यावर येणारा रंग लगेच वाचावा, उशीर झाला की आकडा चुकतो. ऑर्थोटोलिडिन हे रसायन मुलांच्या हाती देऊ नये, त्याऐवजी डीपीडी वापरावे. दुसरी एच-टू-एसची (हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जंतू ओळखायची) बाटली, तीत नमुना भरून ठेवायचा. 24 ते 48 तासांत पाणी काळे झाले तर विष्ठेच्या प्रदूषणाचा संशय घ्यायचा. हा संशयच, निकाल नव्हे. खात्रीला पुन्हा एमपीएनच लागते.

हो, विहिरींचे नमुने वर्षातून दोनदा घ्या, एकदा जानेवारीत आणि एकदा पहिल्या जोरदार पावसानंतर. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपते, त्यामुळे दोन्ही वेळचे निकाल वेगळे येऊ शकतात. किनारपट्टीच्या मुलांनी मे महिन्यात क्लोराइडही तपासावे, तेव्हा काही विहिरी मचूळ होतात.

आणि काळ्या झालेल्या बाटल्या मुलांना उघडू देऊ नका. ऑटोक्लेव्ह करून, तो नसेल तर हातमोजे घालून ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतून, मगच टाकून द्या.