ग्रँड कॅन्यन: उलटा गड

सह्याद्रीत गड चढताना दम संपला की मागे फिरता येतं, परतीला उतारच असतो. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हा हिशेब उलटा. गाडी थेट माथ्यावर पोचते, साउथ रिमवर म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर. सकाळची हवा गार, पाय ताजे आणि समोर नुसता उतार. आपण दमलोय हे खाली गेल्यावर कळतं, तेव्हा सगळी चढण बाकी असते.

कोलोरॅडो नदी इथून तेराशे-चौदाशे मीटर खाली वाहते. म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढतो त्याहून जास्त. ब्राइट एंजलच्या वाटेने नदीकाठच्या मुक्कामाच्या जागेपर्यंत जाताना साधारण १५ किलोमीटर पडतात, साउथ कैबाबने ११. कैबाबची वाट छोटी म्हणून मोह होतो, पण ती उघड्या धारेवरून जाते आणि वाटेत पाण्याचा थेंब नाही. तिने उतरावं, ब्राइट एंजलने चढावं. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. नदीला शिवून त्याच दिवशी परत, हा बेत रेंजर, म्हणजे इथले वनरक्षक, मोडून काढतात. सह्याद्रीतल्या अनुभवावर विसंबून त्यांच्याशी वाद घालू नये.

कारण जसजसं उतरावं तसतसं वाळवंट तापत जातं. जुलैत माथ्यावर दुपारी सरासरी २९ अंश, तर तळाशी ४१. पाऊसही तळाशी माथ्याच्या साधारण निम्माच. वर पाँडेरोसा पाइनची झाडं, मध्ये पिन्यन आणि ज्युनिपरची खुरटी झुडपं, खाली निवडुंग. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालूच नये, सावलीत पडून राहावं. सुती शर्ट भिजवून अंगात घालावा. एरवी ट्रेकला सुती कपडे नकोत म्हणतात, इथे ओल टिकणं हाच फायदा.

पाण्याबद्दल दोन चुका होतात. पहिली म्हणजे वाटेवरच्या नळांवर भिस्त ठेवणं. उत्तरेकडच्या रोअरिंग स्प्रिंग्जचं पाणी दरीतून आणणारी पाइपलाइन जुनी आहे, वारंवार फुटते, आणि थंडीत काही नळ बंदच असतात. निघायच्या दिवशी चौकशी करावी. दुसरी चूक नुसतं पाणी ढोसत राहणं. घामावाटे मीठ जातं, रक्तातलं सोडियम उतरतं, मग मळमळ, डोकेदुखी, भ्रमिष्टपणा. ऊन लागल्यासारखंच दिसतं, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकरण जिवावर बेततं. खारे शेंगदाणे, चिवडा, ओआरएस असं काहीतरी दर घोटाबरोबर पोटात जायला हवं.

उतरताना मध्येच एक सरळ तुटलेला लाल कडा आडवा येतो, रेडवॉल. खरं तर हा चुनखडक करडा आहे. वरच्या थरांतलं लोहाचं ऑक्साइड पावसाबरोबर ओघळून त्याला लाल रंग चढलाय. मऊ खडकाचा उतार, कठीण खडकाचा कडा, पुन्हा उतार अशा पायऱ्या पडल्यात, पण ही पायरी जवळपास सगळीकडे बंद. भूकवचातल्या भ्रंशाने, म्हणजे थर सरकून पडलेल्या भेगेने, खडक जिथे फोडलाय तिथूनच वाट निघते. ब्राइट एंजलची वाट अशाच भ्रंशातून जाते, आणि इथले मूळ रहिवासी हवासुपाई लोक ती पर्यटक येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. १५४० मध्ये कार्देनास या स्पॅनिश सरदाराची तुकडी इथल्याच होपी जमातीच्या वाटाड्यांबरोबर काठावर आली. तीन दिवस खटपट करून त्यांची माणसं जेमतेम एक तृतीयांश उतरली. वरून माणसाएवढे दिसलेले खडक स्पेनमधल्या सेव्हिलच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी परत येऊन सांगितलं.

तळाचा काळपट खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याचं नाव विष्णू शिस्ट! एकोणिसाव्या शतकात डटन या भूवैज्ञानिकाला इथली शिखरं पूर्वेकडच्या देवळांसारखी भासली, म्हणून त्याने विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं दिली. त्यातलं विष्णूचं नाव खडकालाही चिकटलं. काही ठिकाणी या खडकावर थेट पन्नासेक कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म टेकलाय. मधली शंभर कोटींहून अधिक वर्षं झिजून गेली, थरच उरले नाहीत. त्या सीमेवर हाताचा पंजा सहज दोन्हीकडे टेकतो. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा. दरी मात्र त्याहूनही तरुण: नदीने ती आजच्या रूपात कोरली ती गेल्या पाच-सहा दशलक्ष वर्षांत, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

१८६९ मध्ये पॉवेल हा अमेरिकी संशोधक चार होड्या घेऊन उतरला तेव्हाची नदी गढूळ, लाल होती. १९६३ पासून ग्लेन कॅन्यन धरण गाळ अडवतं. पाणी धरणाच्या खोल भागातून येतं म्हणून भर उन्हाळ्यातही गार, बरेचदा स्वच्छ हिरवं. तापलेल्या माणसाला उडी मारावीशी वाटते, आणि इथे लोक बुडतात ते त्यामुळेच, ओढ जबर आहे. गाळ नाही म्हणून काठचे वाळूचे पट्टेही झिजत चाललेत. १९९६ पासून अधूनमधून धरणातून मुद्दाम पूर सोडतात, म्हणजे तळाची वाळू उचलून काठावर बसते. होडीवाल्यांचे तंबू त्याच वाळूवर पडतात.