मोडक्या भाकरीचा हिशोब

पुण्याचं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. आधी विचारतं, "मावशी, ही भाकरी शुगरवाल्यांना चालते ना?"

पंधरा वर्षं मी "चालते की!" म्हणत आले. खोटं बोलत नव्हते, मला तसंच वाटायचं. भात वाईट, मैदा वाईट, ज्वारी चांगली. त्यात आमची ज्वारी मंगळवेढ्याची, तिला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचा सरकारी शिक्का, मिळालेला. आता मी म्हणते, "चालते, पण किती खाता त्यावर आहे." मग गिऱ्हाईक दहा भाकऱ्यांच्या दोन पाकिटांऐवजी एकच घेतं. लेक म्हणते, "आई, तू एक दिवस धंदा बसवशील."

मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागे राहते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा आमचा उद्योग. मदतीला दोघीजणी येतात, रोज दोनशे भाकऱ्या होतात. भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग मंद जाळाशेजारी पापडासारखी कडक होईपर्यंत उभी करून ठेवायची. जितकी पातळ तितकी चांगली, आणि जितकी पातळ तितकी मोडते. दोनशेत पंधरा-वीस मोडणारच. मोडकी भाकरी पाकिटात जात नाही, ती जाते आमच्या पोटात. चुलीशेजारी चटणीचा डबा, वर तेलाची धार, एक तुकडा तोंडात, हात पुन्हा पिठात. ते जेवण मी कधी मोजलंच नाही. दुपारी ताटावर बसून दोन भाकऱ्या खायची आणि सगळ्यांना सांगायची, "माझं खाणं काहीच नाही हो, अंगच तसं आहे."

माझी उंची पाच फूट एक इंच, वजन तेव्हा ८१ किलो. पण माझं नंतर. आधी आमच्या ह्यांचं सांगते, कारण मला शहाणपण तिथून आलं.

हे पस्तीस वर्षं पॉवरलूमवर होते, शेवटची वीस वर्षं जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करून चालू ठेवणारे. टॉवेलच्या लूमवर हजारो उभे धागे असतात, त्यातला एक तुटला तर नुसता हात फिरवून सांगायचे, इथं आहे. शुगर निघाली २०१४ ला. चार वर्षं गोळ्या घेतल्या. मग कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, गोळ्यांनी किडनी जाते. २०१८ ला गोळ्या बंद आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू. मी बोलले की म्हणायचे, "मला काय झालंय? ठणठणीत हाय की." खरंच काही होत नव्हतं. शुगर दुखत नाही, हाच तिचा मोठा अवगुण.

लेक डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या तपासण्यांचा कोर्स, करून लॅबला लागली तेव्हा तिच्या आग्रहाखातर एकदा रक्त दिलं. दोन दिवस आधीपासून गोड बंद, रात्रीचं जेवण बंद. उपाशीपोटीची शुगर १३८ आली आणि हे खूश. तिने त्याच रक्तातून गुपचूप एचबीएवनसी पण लावली होती. ती आली ९.६. तिनेच मग समजावलं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत जी साखर त्यांना चिकटते ती निघत नाही. तीन महिन्यांचा पाढा वाचला जातो, दोन दिवसांच्या उपासाने तो पुसत नाही. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह. "पप्पा, तुम्ही लॅबला फसवलंत, पेशींना नाही." हे चिडले, आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. गोळ्या तरीही घेतल्या नाहीत.

मे २०२३. सोलापूरचा मे इथल्यांना सांगायला नको. सोमवारी दुपारी साडेबाराला हे सिद्धेश्वराला गेले, चपला बाहेर काढून. उन्हात फरशी तव्यासारखी होते, आपण टाचांवर पळत सुटतो. हे सावकाश चालत गेले आणि सावकाश चालत आले. मला घरी येऊन म्हणाले, "लोकं उगंच नाचायलेत, मला तर काय भाजत नाही." आणि मी, शहाणी, मनात म्हणाले, श्रद्धा आहे माणसाची.

चौथ्या दिवशी आंघोळीनंतर पाय पुसायच्या टॉवेलवर गुलाबी डाग दिसला. आमच्याकडे पाय पुसायला सेकंडचा, म्हणजे थोडी खोट असलेला माल असतो, किलोवर मिळणारा, पांढरा. रंगीत असता तर आणखी चार दिवस कळलं नसतं. उजवा तळपाय उलटा करून बघितला तर अंगठ्याच्या खाली फोड फुटून कातडं सुटलेलं, आणि आत काळसर.

डॉक्टरांनी एक नायलॉनचा दोरा काढला, मासे धरायच्या गळाला असतो तसा, एका दांडीला लावलेला. दहा ग्रॅमचा जोर पडला की तो वाकतो. ह्यांना म्हणाले, "डोळे मिटा, पायाला काही लागलं की हो म्हणा." मी शेजारी उभी होते. अंगठ्याला टेकवला, दोरा वाकला. करंगळीला. चवड्याला तीन ठिकाणी. टाचेला. प्रत्येक वेळी दोरा वाकताना मला दिसत होता. हे डोळे मिटून शांत बसलेले. थोड्या वेळाने म्हणाले,

"करा की सुरू, डॉक्टर."

हजार धाग्यांतला तुटलेला धागा शोधणारा माणूस. मला तिथं उभं राहवेना, बाहेर येऊन बाकड्यावर बसले.

शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा मुक्या होतात. रक्तवाहिन्याही अरुंद होतात, म्हणजे जखमेला रक्त पुरत नाही, आणि गोड रक्तात जंतूंचं मात्र फावतं. अकरा दिवस भरती होते. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

आता पैशाचं. मी पिठाचा, शेंगदाण्याचा, सरपणाचा हिशोब एका वहीत लिहिते. त्याच वहीत मागच्या बाजूने हा लिहायला घेतला. हॉस्पिटल १,३८,०००. बाहेरून आणलेली औषधं आणि इंजेक्शनं २२,०००. घरी आल्यावर ड्रेसिंग, २५० रुपयांप्रमाणे ६४ वेळा, १६,०००. रिक्षा ४,५००. चार महिने पगार बुडाला, ५६,०००. एकूण २,३६,५००. पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या, त्याचं व्याज यात धरलेलं नाही.

खर्च, चुलीचा जाळ, मजुरी वजा जाता एका भाकरीमागे मला अडीच रुपये सुटतात. म्हणजे ९४,६०० भाकऱ्या. रोजच्या दोनशे धरल्या तर ४७३ दिवस, एकही सुट्टी न घेता, गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा तव्यासमोर.

पानाच्या दुसऱ्या बाजूला मी न घेतलेल्या गोळ्या लिहिल्या. दिवसाला नऊ रुपये, पाच वर्षं, १६,४२५. आणि गंमत बघा, गोळ्या महिन्याला २७० रुपयांच्या होत्या, जांभळाच्या पुडीचा डबा ३५० चा. वाचले काय, तर काहीच नाही. हे पान ह्यांना दाखवलं तेव्हा चष्मा लावून दोनदा बेरीज तपासली. चूक सापडली नाही म्हणून वही मिटून ठेवली.

एक चूक माझीही आहे. आमचं केशरी रेशनकार्ड. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर होता. आता तिला महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतात. त्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत फुकट उपचार होता, आता पाच लाखांपर्यंत आहे. आम्ही घाबरून जवळच्या हॉस्पिटलात गेलो, ते योजनेत नव्हतं, आणि काउंटरवरच्या माणसाने ते सांगितलं ॲडव्हान्स भरून घेतल्यावर. भरती होण्याआधी "फुले योजनेत आहात का?" हे चार शब्द विचारले असते तर पाटल्या हातात असत्या.

तरी एक गोष्ट मला पटत नाही ती नाहीच. बोट कापायला योजना आहे, डायलिसिसला आहे. ज्या नऊ रुपयांच्या गोळीने बोट वाचलं असतं ती आपल्या खिशातून. सरकारी आरोग्य केंद्रात शुगर तपासतात, साध्या गोळ्याही देतात, हे मला नंतर कळलं. पण कामाला जाणारा माणूस सकाळच्या रांगेत उभा राहील की लूम चालू करेल? जन औषधी दुकान त्यातल्या त्यात बरं. तिथं नाव कंपनीचं नसतं, औषधाचं असतं, एवढाच फरक. आता ह्यांच्या गोळ्या तिथूनच येतात.

त्याच जूनमध्ये लेकीने मोबाईलवर वाचून दाखवलं. आयसीएमआर, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी माझं रक्त घेऊन गेली.

एचबीएवनसी ८.१.

मग तिने शिवणाचा टेप आणला. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची ९० च्या. माझी १०४. वजन आणि उंचीचा जो बीएमआय काढतात त्यात आपल्या लोकांना २५ लाच लठ्ठ धरतात, माझा ३३ च्या पुढे. माझे दीर काटकुळे, ते हसले. लेकीने त्यांनाही सोडलं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. यडकिन यांचा २००४ मधला फोटो तिने दाखवला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या आतही चरबी दडलेली असते, पोटात, यकृतावर. दिरांनी फोटो बघितला, शर्ट खाली ओढला आणि चहा न घेता गेले.

माझं दुखणं मोडक्या भाकरीत होतं. लेकीने एक दिवस चुलीशेजारी डबा ठेवला. "आई, आज तोंडात घालायचा प्रत्येक तुकडा आधी यात टाक, संध्याकाळी बघू." संध्याकाळी डब्यात सात भाकऱ्यांचे तुकडे आणि पाव वाटी चटणी. जेवणातल्या चार वेगळ्या. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टच असतं. गव्हापेक्षा पचायला जरा सावकाश असेल, पण अकरा भाकऱ्यांपुढे मंगळवेढ्याची ज्वारीही काय करणार?

डबा बघून मला रडू आलं. कशाचं ते सांगता येणार नाही. एकतर लाज, आणि दुसरं म्हणजे तेवढ्या भाकऱ्या आता खायला मिळणार नाहीत याचं.

आता मोडक्या भाकरीचा चुरा करून अर्धा किलोची पुडी विकते. लोक चिवड्याला नेतात. धंद्यात भर पडली म्हणायची. संध्याकाळी संभाजी तलावाकाठी चालते. पहिल्या महिन्यात गुडघ्यांनी जीव काढला. दोन वर्षांत वजन ७२ वर आलंय, एचबीएवनसी ६.९. कोथरूडच्या एका गिऱ्हाईकाने मला ते आठवड्याला घ्यायचं शुगर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन सुचवलं, मुंजारो. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा सगळ्यात लहान डोसची बाटली ३,५०० ची. महिन्याला चार, १४,०००. मी मनात भागाकार केला, ५,६०० भाकऱ्या. त्या गिऱ्हाईकाचं वजन चांगलं उतरलंय, नाकारत नाही, ज्याला परवडतं आणि डॉक्टर सांगतात त्याने घ्यावं. माझ्या डॉक्टरांनी शुगरसाठी एम्पाग्लिफ्लोझिन दिलं. आधी साठ रुपयांच्या घरात असलेली ही गोळी त्याच मार्चमध्ये पेटंट संपल्यावर दहाच्या आतही मिळायला लागली. त्या दिवशी मेडिकलवाल्याला मी तीनदा विचारलं, "नक्की तीच ना?"

हे परत कारखान्यात जातात, पण आता लूमवर नाही, चेकिंगच्या टेबलावर. बसून काम. पायात मऊ एमसीआर रबराची चप्पल, घरातसुद्धा. सोमवार चुकवत नाहीत, फक्त आता ऊन चढायच्या आत जातात, पायात जाड मोजे घालून. पहिल्यांदा लाजत होते.

रोज रात्री मी मोबाईलची बॅटरी लावून त्यांचे दोन्ही तळवे बघते. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, शिवलेल्या जागेची कडा. पाणी कोमट आहे का ते माझ्या कोपराने बघायचं, त्यांच्या पायाने नाही. पाच मिनिटांचं काम. हे भिंतीला टेकून, डोळे मिटून, कारखान्यातल्यासारखं विचारतात,

"काय, माल पास का रिजेक्ट?"

मी म्हणते, "सेकंड आहे. पण घरात ठेवून घेऊ."