आकडा येईल तसा लिहा

घड्याळं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. स्मरणिकेसाठी 'यशाचं गमक' लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा जरा बिचकलोच. यश म्हणावं असं काही पदरात नाही. काम मनापासून आवडतं आणि ते अजून पुरतं आलेलं नाही, एवढं मात्र खात्रीने सांगता येईल. त्याचं मूळ आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून लिहितो.

विज्ञानाच्या सरांनी साध्या लंबकाचा प्रयोग दिला होता. वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, विसाने भागायचं, दोरीची लांबी बदलून पुन्हा तेच. बटण दाबायला होणारा उशीर एका आंदोलनात मोठा ठरतो, विसांत वाटला जातो. पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ, त्यामुळे आकडे जुळवून लिहायची वर्गात साथच होती. सर वहीवर नुसती नजर टाकायचे. "इतकं सुरेख येत नसतं रे. आकडा येईल तसा लिहा."

आमच्या कामात माणूस वर्षानुवर्षं जागच्या जागी राहू शकतो. हात सफाईदार होतो, वेग येतो, गिऱ्हाईक खूश असतं. पूर्वी रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावून ठेवायचं आणि ते पुढे जातंय की मागे पडतंय, हे दुसऱ्या दिवशी बघायचं. तोवर काल हाताने नेमकं काय केलं, ते कुणाच्या लक्षात राहतंय? मग टायमिंग मशीन आलं. ते टिकटिक ऐकतं आणि मिनिटभरात दिवसाचा हिशेब मांडतं. घड्याळ आडवं ठेवलं तर चार सेकंद पुढे, उभं केलं की पंधरा मागे. आडव्यात बॅलन्सची, म्हणजे ठोका देणाऱ्या झुलत्या चाकाची, धुरी टोकावर फिरते, उभ्यात तिच्या कडा घासतात, झोका आखूड होतो. हे वाचून माहीत होतंच. पण हेअरस्प्रिंगला, म्हणजे त्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चिमट्याने किंचित वळण द्यावं आणि लगेच चूक दाखवणारी पडद्यावरची तिरकी रेघ सरळ व्हावी, तेव्हा ते बोटांत उतरतं. केलेल्या कामाचा निकाल ताबडतोब आणि तोंडावर मिळाला, की शिकण्याचा वेग केवढा वाढतो!

जॉन हॅरिसन मूळचा सुतार. जहाजावर चालेल असं पहिलं घड्याळ त्याने १७३५ मध्ये पुरं केलं, मग दुसरं, मग तिसरं. एकट्या तिसऱ्यावर जवळजवळ एकोणीस वर्षं घातली. दरम्यान त्याच्याच आराखड्यावरून बनवलेलं एक खिशातलं घड्याळ अपेक्षेपेक्षा फारच चांगलं चालू लागलं. ते बघून त्याने ती अवजड यंत्रं सोडली आणि साठी उलटल्यावर, १७५९ मध्ये, खिशातल्या मोठ्या घड्याळासारखं दिसणारं चौथं तयार केलं. १७६१ साली ते जमैकाच्या सफरीवर निघालं. एक्याऐंशी दिवसांनी, रोज ठरावीक पुढे-मागे होण्याची त्याची नेहमीची चाल जमेस धरून, चूक निघाली जेमतेम पाच सेकंद. लोक त्याच्या चिकाटीचे गोडवे गातात. एकोणीस वर्षांचं काम त्याने बाजूला ठेवलं, हे मला त्याहून अवघड वाटतं.

मधली क्वार्ट्झची वर्षं बॅटऱ्या बदलण्यात गेली. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि दुरुस्तीला फारसं काही ठेवत नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

सध्या लेथवर बॅलन्सची धुरी कातायला शिकतोय. जुन्या घड्याळांचे सुटे भाग मिळेनासे झालेत. धुरीच्या टोकाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, बहुधा कमीच. दाब जरा जास्त पडला की टोक तुटतं आणि कुठे उडालं ते सापडतही नाही. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. मला 'काका' म्हणतो आणि माझं काम भिंगाखाली धरून बिनदिक्कत 'परत करा' म्हणतो. परवा काही न बोलता त्याने ते डबीत ठेवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "हे चालेल, काका. आता दुसरं टोक घ्या, ते अजून जाड आहे."