आउटपुट जॅकचे ग्राउंडिंग

आज व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) गिटार ॲम्प्लिफायरचे काम आउटपुट जॅकपर्यंत, म्हणजे स्पीकरची वायर जिथे खोचतात त्या खाचेपर्यंत आले आणि दिवसाचा बराचसा वेळ त्या एका जॅकच्या ग्राउंडिंगवर, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामायिक बिंदूशी तो जोडण्यावर गेला. तो सार्थकी लागला, असे मी मनापासून म्हणतो. फेंडरच्या जुन्या ॲम्प्लिफायरांप्रमाणे उघड्या धातूचा जॅक बसवला की त्याची बाहेरची बाजू चॅसीला, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला आपोआप जोडली जाते. मात्र ५० वॉटच्या ॲम्प्लिफायरमधून ८ ओहमच्या स्पीकरला अडीच अँपिअर प्रवाह जातो, आणि एवढा प्रवाह केवळ नटाच्या आवळपणावर सोपवणे मला पटत नाही. नट सैल होऊन संपर्क तुटला, तर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर भाराविना, म्हणजे स्पीकर न जोडल्यासारखा चालतो आणि त्याच्या प्राथमिक (व्हॉल्व्हच्या बाजूच्या) वेटोळ्यात घातक व्होल्टेज निर्माण होऊ शकते.

म्हणून मी चॅसीला आपोआप न जोडला जाणारा प्लास्टिकचा जॅक घेतला, ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम (स्पीकरच्या बाजूच्या) वेटोळ्याची कॉमन तार थेट त्याच्या ग्राउंडच्या टोकाला सोल्डर केली आणि तिथून वेगळी तार आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्राउंडपाशी नेली. इनपुटच्या ग्राउंडपासून ती मुद्दाम दूर ठेवली.

ही तार वगळली तरी स्पीकर वाजतो, त्यामुळे काही जण ती अनावश्यक मानतात. परंतु फेंडरच्या बॅसमन ५एफ६-ए ॲम्प्लिफायरसारख्या रचनेत दुय्यम वेटोळ्यावरून २७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जो निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा उलट दिशेने परत दिलेला थोडा भाग, मागे जातो, त्याला ग्राउंडचा संदर्भ हवाच. शिवाय ट्रान्सफॉर्मरमधील इन्सुलेशन फुटले, तर ४०० व्होल्टच्या आसपासचा पुरवठा स्पीकरच्या वायरीवर येऊ शकतो. ग्राउंड पक्के असेल तर तो तिकडे वळतो आणि फ्यूज उडतो.