'प्रोसेसर सपोर्टेड नाही' म्हणजे नक्की काय अडलंय?

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नाशिकच्या सातपूर-अंबडची वर्कशॉप असोत की कॉलेज रोडवरचे क्लासेस, जुना डेस्कटॉप विंडोज ११वर न्यायला गेलं की एकच ओळ समोर येते: हा प्रोसेसर सपोर्टेड नाही. नव्या मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी अडलंय कुठे ते बघा.

सुरुवात मॉडेल नंबरपासून. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट. आय५-७५०० म्हणजे सातवी पिढी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. इंटेलची आठवी आणि पुढच्या पिढ्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत, सातवीतले अगदी मोजके. एएमडीत मात्र नंबर दगा देतो. रायझन ५ २६०० यादीत आहे, २२००जी आणि २४००जी नाहीत, कारण नाव दोन हजारांच्या मालिकेचं असलं तरी आतलं डिझाइन एएमडीच्या पहिल्या झेन पिढीचं.

प्रोसेसर यादीत असूनही अपग्रेड अडत असेल तर बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डची सेटिंग्ज, उघडा. विंडोज ११ला टीपीएम ही सुरक्षेची सोय लागते: इंटेलच्या बोर्डवर ती पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने असते. ती चालू करा, आणि दोन्हीकडे सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारी सोय). सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावा लागतो, आणि घाई नडते ती इथेच: डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होत नाही. म्हणून आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत नेणारं, विंडोजमध्येच असलेलं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून चालवा. पहिल्यांदा 'व्हॅलिडेट', ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट', दोन्ही वेळा 'अलाउ फुल ओएस' हा पर्याय जोडून. तीनपेक्षा जास्त प्रायमरी किंवा एखादं लॉजिकल पार्टिशन असेल तर ते नकार देतं. बॅकअप घ्यायचाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

निळ्या स्क्रीनवर 'अनसपोर्टेड प्रोसेसर' आलं तर बायोसमध्ये 'एक्झिक्यूट डिसेबल बिट' बंद आहे का तेही बघा.

इंटेलची सहावी आणि बहुतेक सातवी पिढी यादीत नाही, पण चालते. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सिस्टम, सेटअप, मोसेटअप या की-खाली 'अलाउ अपग्रेड्स विथ अनसपोर्टेड टीपीएम ऑर सीपीयू' नावाची ३२ बिट डीवर्ड व्हॅल्यू इंग्रजीत, सगळे शब्द जोडून तयार करा आणि तिला १ द्या. मग विंडोज ११च्या इन्स्टॉलेशनची फाइल, म्हणजे आयएसओ, माउंट करून सेटअप चालू विंडोजच्या आतूनच चालवा. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर ही नोंद बघितलीच जात नाही. टीपीएम किमान १.२ हवा. वार्षिक मोठं अपडेट मात्र आपोआप येईल असं धरू नका, पुन्हा आयएसओ लागू शकतो, आणि पुढच्या अपडेट्सची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. टॅलीच्या हिशेबांवर ज्यांचं ऑफिस चालतं त्यांना हा मार्ग सुचवणार नाही.

खरी भिंत विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून उभी आहे. त्याला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना प्रोसेसरमध्येच लागतात. कोअर २ ड्युओत त्या दोन्ही नाहीत आणि रजिस्ट्रीने त्या येत नाहीत. प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या टूलमध्ये 'इन्स्ट्रक्शन्स'च्या रकान्यात एसएसई ४.२ दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम टाका, मशीन अजून उपयोगी पडेल.

प्रोसेसरच बदलायचा असेल तर सॉकेट जुळतो एवढ्यावर सेकंडहँड माल उचलू नका. एच११० बोर्ड आणि आय५-८४००, दोन्ही एलजीए ११५१. पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो, त्यामुळे एच११०वर तो चालत नाही. एएमडीच्या एएम४ बोर्डवर, विशेषतः बी४५०वर, २२००जी काढून रायझन ५ ३६०० बसतो, फक्त ३६००ला स्वतःचा डिस्प्ले नसल्याने वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा, तेही यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. नवा बसवल्यावर एफटीपीएम रीसेट करायचा का असं स्क्रीन विचारते. बिटलॉकरची की हाताशी असेल तरच वाय दाबा.