स्लाइड निगेटिव्ह, गोळ्या चालू

यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण आरोग्य केंद्रात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात क्षयाचे रुग्ण फेरतपासणी टाळतात, कारण दिवस बुडाला की मजुरी बुडते. म्हणून बटाईने शेती करणारे एक काकाजी थुंकीची डबी घेऊन स्वतःहून आले, याचे मला नवल वाटले. उपचारापूर्वी त्यांची स्लाइड थ्री प्लस, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या दर क्षेत्रात दहापेक्षा जास्त जंतू असलेली होती. दोन महिन्यांच्या औषधांनंतर १०० क्षेत्रे तपासूनही मला एकही लाल कांडी, म्हणजे रंगवलेला क्षयजंतू, सापडली नाही.

निकाल ऐकताच ते म्हणाले, "मॅडम, जंतूच नाई उरले, तं अजून चार महिने गोळ्या कायले खाऊ?"

मी सांगितले की एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याखेरीज ते आम्हाला स्लाइडवर दिसत नाहीत. त्यावर त्यांनी विचारले, "पण ज्या गोळीनं लाखो मेले, त्याच गोळीनं हे काहून नाई मेले?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशीची दुसरी एक पॉझिटिव्ह स्लाइड तेलाच्या भिंगाखाली लावून मी त्यांना पाहायला दिली. निळ्या पार्श्वभूमीवर काही कांड्या लांब, काही आखूड, तर काही मधे मधे रंग तुटलेल्या होत्या. "हे सारे एका मापाचे नाईत," ते लगेच म्हणाले. कोणता जंतू औषधाला दाद देणार नाही हे अशा आकारावरून ओळखता येत नाही. पण सगळे सारखे नसतात, हे त्यांनी अचूक हेरले होते.

आयरिश जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ साली पाहिले की पेनिसिलिनमधून काही मोजके जीवाणू वाचतात, मात्र त्यांची पिल्लावळ त्याच पेनिसिलिनने पुन्हा मरते, म्हणजे ही प्रतिरोधकता नव्हे. क्षयजंतूच्या कुळात तर जन्मापासूनच असमानता असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, क्षयजंतूच्या झपाट्याने वाढणाऱ्या एका भाऊबंदाची पेशी मुख्यतः जुन्या, म्हणजे मागच्या विभाजनाच्या आधीपासून असलेल्या, टोकाकडून वाढते असे आढळले. त्यामुळे विभाजनानंतर जुने टोक वाट्याला आलेली पेशी लगेच वाढू लागते, तर दुसरीला वाढीचे टोक आधी तयार करावे लागते, आणि या दोघी औषधांना सारख्या बळी पडत नाहीत. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूमध्ये नेमके उलटे, जुन्या टोकाची पेशी मंदावते, असे २००५ साली दिसले होते. शिवाय आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध जंतूच्याच एका विकराने (एन्झाइमने) सक्रिय होते, आणि त्याच भाऊबंदाच्या पेशींत ते विकर सतत नव्हे, अधूनमधून तयार होते, म्हणून ते नसताना पेशी वाचू शकते, असे २०१३ साली दिसून आले.

काकाजींना यातले मी एवढेच सांगितले की एकाच जंतूची दोन पिल्लेही सारखी नसतात. ते म्हणाले, "एकाच पाकिटातली सरकी एकाच दिवशी टोबली, तरी दोन-चार बिया मागूनच निंघते." मला याहून नेमके सांगता आले नसते.

पुढच्या चार महिन्यांसाठी आधीच्या चार औषधांतले पायराझिनामाइड वगळून तीन औषधे असतात. ती पाकिटे त्यांनी मोजून घेतली. मग सुनेलाही पंधरा दिवसांपासून खोकला असल्याचे त्यांनी सांगितले. मी तिच्यासाठी डबी दिली आणि सकाळी उठल्याबरोबरची थुंकी आणायला सांगितले.