कापलेल्या बॅटीच्या आत

सरावासाठी ठेवलेली माझी एक जुनी लॅमिनेटेड, म्हणजे लाकडाचे थर गोंदाने जोडून केलेल्या पात्याची, क्रिकेट बॅट होती. सलग दोन आठवडे ती ओल्या मैदानावर वापरली गेली आणि एके दिवशी यॉर्कर अडवून झाल्यावर तिच्या टोकाशी केसाएवढी बारीक फट दिसली. पुढच्या आठ दिवसांत त्या फटीत नख शिरू लागले. तेव्हा दुरुस्तीचा नाद सोडून मी ती बॅट करवतीने आडवी कापली, कारण इतकी वर्षे जिच्याविषयी नेटवर तावातावाने वाद घातले, ती आतून कशी असते हे मी एकदाही पाहिले नव्हते.

कापलेल्या तोंडावर तीन थर स्पष्ट दिसत होते. पुढचा थर फिकट रंगाच्या, सरळ रेषांच्या विलोचा, म्हणजे बॅटीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या लाकडाचा होता. मधला थर हलक्या, पांढुरक्या लाकडाचा होता. आणि मागचा, कणा असलेला थर तपकिरी छटेच्या, हाताला जड लागणाऱ्या विलोचा होता. थरांमधल्या गोंदाच्या दोन रेषा पेन्सिलीने आखल्यासारख्या दिसत होत्या. याच बॅटीने मी दोन हंगाम खेळलो होतो, आणि चेंडू बरोबर मधोमध बसला की एकसंध पात्याच्या बॅटीपेक्षा ती कमी पडते असे मला कधीही जाणवले नव्हते. फरक जाणवायचा तो फटका चुकल्यावर. हा अनुभव माझ्या मनाचा खेळ होता की त्यामागे काही कारण आहे, हे शोधताना जे समजले ते येथे मांडतो.

लॅमिनेटेड बॅटीविषयी दोन टोकाच्या समजुती ऐकू येतात. थर जोडल्यामुळे पाते स्प्रिंगसारखे वागते आणि चेंडू जास्त लांब जातो, अशी एक. जोडाची बॅट म्हणजे निव्वळ गोंद लावलेली फळी, तिच्यात जीव नसतो, अशी दुसरी. दोन्ही समजुतींत एकच चूक आहे. फटक्याची सगळी ताकद पात्यातच दडलेली असते, असे त्या गृहीत धरतात. प्रत्यक्षात चेंडू आणि बॅट यांचा संपर्क साधारण एका मिलिसेकंदाचा असतो, आणि त्या क्षणी वाया जाणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग चेंडूच्या आतील बूच आणि सूत दबण्यात जातो. बॅट भरीव असते. पोकळ अ‍ॅल्युमिनियमच्या बेसबॉल बॅटीची भिंत आत दबते आणि उसळून चेंडूला परत ढकलते, तसे भरीव लाकडात फारसे होत नाही. त्यामुळे तीन तुकडे जोडले म्हणून त्यातून नवी उसळी निर्माण होण्याचे कारण नाही.

मग थरांनी बदलते काय? मुख्यतः पात्याचा ताठपणा आणि वजनाची वाटणी. चेंडू लागल्यावर बॅट किंचित वाकते आणि थरथरते. ही थरथर सर्वत्र सारखी नसते. पात्यावरील ज्या पट्ट्यात ती जवळजवळ उठतच नाही, तोच आपला स्वीट स्पॉट. तेथे चेंडू बसला तर कंपनात ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही, म्हणून तेथे बॅट अधिक ताठ केली तरी वेगात फारशी भर पडत नाही. याउलट चेंडू टोकाकडे किंवा वर हँडलकडे लागला, तर ऊर्जेचा काही हिस्सा कंपनात जातो आणि हातांना झिणझिण्या येतात. पाते ताठ असेल तर हा हिस्सा कमी होतो. म्हणजे ताठपणाचा फायदा मुख्यतः चुकलेल्या फटक्यांत दिसायला हवा, आणि मलाही फरक तेथेच जाणवला होता. फक्त उलट दिशेने. माझी बॅट टोकाकडे मऊ पडायची, तिचा आवाज बोदा यायचा आणि मनगटाला झटका बसायचा.

याचे उत्तर त्या गोंदाच्या रेषांत आहे. एखाद्या फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. समान जाडीच्या तीन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या आणि वाकवल्या, तर त्या एकमेकींवरून सरकतात आणि त्यांचा एकत्रित ताठपणा तेवढ्याच जाडीच्या अखंड फळीच्या नवव्या हिश्श्याइतकाच भरतो. त्याच पट्ट्या पक्क्या चिकटवल्या की सरकणे थांबते आणि त्या एका फळीसारख्या वागतात. लॅमिनेटेड बॅट चांगली की वाईट, हा प्रश्न म्हणूनच आधी लाकडाचा नसून जोडाचा आहे. जोड पूर्ण धरलेला असेल तर तीन थरांचे पाते अखंड पात्याइतकेच ताठ होऊ शकते; जोड टोकाशी थोडा जरी सुटला, तरी तेवढ्या भागात आपण एका जाड पात्याऐवजी दोन-तीन पातळ फळ्यांनी खेळत असतो. माझ्या बॅटीचे बहुधा हेच झाले होते, आणि फट डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ते सुरू झाले असावे.

याच गणिताची दुसरी बाजू लॅमिनेशनच्या बाजूने बोलते. आयताकृती छेदाच्या फळीत मधल्या एक तृतीयांश जाडीचा ताठपणातील वाटा अवघा सत्ताविसावा असतो, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. वजनात मात्र तो पुरा एक तृतीयांश असतो. बॅटीचा छेद आयताकृती नसतो, पाठीमागे कणा उंचावलेला आणि कडा उतरत्या असतात, त्यामुळे हा आकडा बॅटीला जशाच्या तसा लावता येणार नाही. तरीही तत्त्व तेच राहते. मधला थर हलक्या लाकडाचा घेतला तर ताठपणा फारसा न गमावता वजन कमी करता येते, किंवा तेवढ्याच वजनात पाते जाड ठेवता येते. करवतीने कापल्यावर दिसलेला पांढुरका थर ही कारागिराची काटकसर आहे, असे मला प्रथम वाटले होते. आता वाटते की त्यामागे काटकसरीबरोबर थोडी अक्कलही असावी.

वजन गोंदामुळे वाढते, ही तक्रारही तपासून पाहण्यासारखी आहे. पात्याच्या क्षेत्रफळावर पसरलेल्या दोन पातळ थरांतील वाळलेला गोंद काही ग्रॅमच भरतो, आणि सव्वा किलोच्या आसपासच्या बॅटीत तो हाताला कळणार नाही. जोडाच्या बॅटी जड लागतात त्या बहुतेक वेळा मागे घनदाट लाकूड वापरल्यामुळे. त्यातही ते वजन खाली टोकाकडे गेले की बॅट तराजूवर जितकी जड भरते त्याहून उचलताना जास्त जड वाटते, आणि फलंदाजाचा बॅट फिरवण्याचा वेग कमी होतो. दुकानातला काटा ही गोष्ट कधीच सांगत नाही. बॅट हातात धरून दहा वेळा बॅकलिफ्ट घेतली की मनगट सांगते.

चेंडू प्रत्यक्षात भिडतो तो मात्र पुढच्याच थराला. विलो बॅटीसाठी निवडला जातो, कारण त्याचे लाकूड हलके असूनही दाबल्यावर चिवट होते. कारखान्यात रोलरखाली प्रेस केल्यावर आणि नंतर लाकडी हातोडीने नॉक केल्यावर, म्हणजे हलके हलके ठोकल्यावर, पात्याच्या दर्शनी भागात दाट, कणखर कवच तयार होते, आणि चेंडूचा पहिला आघात ते कवच झेलते. म्हणून लॅमिनेटेड बॅटीत चांगले लाकूड कोठे वापरावे याचे उत्तर अवघड नाही. पुढचा थर पुरेसा जाड आणि उत्तम विलोचा असेल, तर पाठीमागे डाग किंवा तपकिरी रेषा असल्याने फटक्यात फारसे बिघडत नाही. पुढचा थर नुसता दिखाऊ आणि पातळ असेल, तर मात्र नॉकिंग कितीही केले तरी चेंडूला आतले लाकूड जाणवतेच.

यात एक गंमत आहे. ज्यांना जोडाची बॅट म्हणजे अप्रतिष्ठा वाटते, त्यांच्याही हातात अर्धी बॅट जोडाचीच असते. बॅटीचे हँडल वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून आणि मध्ये रबराच्या पट्ट्या घालून बनवलेले असते, आणि ते पात्यातल्या व्ही आकाराच्या खाचेत पुन्हा गोंदानेच बसवलेले असते. हाताला बसणारा झटका कमी करण्याचे काम हे थरच करतात, आणि एकाच लाकडातून कोरलेली बॅट मागे पडली ती याच कारणाने.

नियम मात्र हँडल आणि पाते यांत भेद करतात. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तिने चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रेअर्लीने केली आणि लिलीने ती बॅट रागाने भिरकावून दिली. त्यानंतर पाते लाकडाचेच असावे असे नियमांत स्पष्ट लिहिले गेले. २०१७ च्या नियमसंहितेने पात्याची खोली ६७ मिलिमीटर आणि कडेची जाडी ४० मिलिमीटर यांपेक्षा जास्त नसावी असे ठरवले. रुंदीची १०८ मिलिमीटरची मर्यादा तर अठराव्या शतकापासून चालत आलेली आहे. त्याच संहितेने पात्याचे लॅमिनेशन फक्त ज्युनियर बॅटींपुरते मान्य केले, आणि तेही जास्तीत जास्त तीन तुकड्यांचे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते २०२१ मध्ये दिसले. केंब्रिज विद्यापीठातील दर्शिल शाह आणि बेन टिंकलर-डेव्हिस यांनी बांबूच्या पट्ट्या जोडून बॅट तयार केली. ती विलोपेक्षा ताठ आणि कणखर ठरली, वजनाने मात्र जड भरली. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने उत्तर दिले की बांबू हे गवत आहे, लाकूड नव्हे. आणि त्याला लाकूड मानले तरी ज्युनियर बॅटी वगळता पात्याच्या लॅमिनेशनला तेव्हाच्या नियमांत मनाई होती. यातल्या पहिल्या मुद्द्यावर वनस्पतिशास्त्र क्लबच्या बाजूने आहे. दुसऱ्या मुद्द्याची भीती मला समजते: थर जोडण्याची मुभा मिळाली की प्रत्येक थराचे लाकूड, दिशा आणि घनता निवडता येते, आणि झाडाने दिलेल्या मर्यादेची जागा कारागिराची हुशारी घेते. तरीही एकाच जातीच्या लाकडाचे तीन तुकडे आणि ठरलेली मापे या चौकटीत ती हुशारी फार पुढे जाऊ शकेल, असे वरच्या हिशेबावरून मला वाटत नाही. फळीतली गाठ किंवा भेग बाजूला काढता येते, अरुंद लाकूड वापरात येते आणि दोन बॅटींमधला फरक कमी होतो. अखंड फळीचा नशिबावर सोडलेला भाग यामुळे घटतो, पण षटकारांची बरसात होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी साधा आहे. त्यांच्यासाठी फटक्याच्या ताकदीपेक्षा बॅट वेळेवर खाली येणे महत्त्वाचे असते, आणि मधला थर हलका असलेली बॅट त्यांना जास्त उपयोगी पडते.

कापलेल्या बॅटीचा वरचा तुकडा मी ठेवून दिला आहे. तेथे दोन्ही जोड अजून इतके घट्ट आहेत की पातळ पटाशी ठोकून पाहिली तेव्हा गोंदाच्या रेषेशेजारचे लाकूड फाटले, गोंद सुटला नाही. टोकाकडे मात्र पाणी थेट थरांच्या उघड्या तोंडांतून शिरले होते, कारण टोकाचे रबरी कवच निघाले तेव्हा पुढच्या सामन्याच्या घाईत मी ते परत चिकटवलेच नव्हते.